होरिगुची-सानांचा ताईत

नगरचे रेव्हरंड दयानंद उजागरे ओसाकातल्या एका छोट्या चर्चचे पाळक होते. कोबेच्या भूकंपानंतर बाप्तिस्मा घेतलेले म्हातारे होरिगुची-सान प्रार्थनेला येताना गळ्यात शिंतो देवळातला ताईत घालून येत. उजागरेंना ते खटकायचं. एका रविवारी त्यांनी प्रवचनात जुन्या इंग्लंडची गोष्ट सांगितली. तिथे मोठी साथ आली, तेव्हा नुकतेच ख्रिस्ती झालेले लोक घाबरून पुन्हा ताईत बांधू लागले, मंत्रतंत्र करू लागले. मग एक साधू खेडोपाडी पायपीट करत फिरला आणि त्याने त्यांना त्या अंधश्रद्धेतून सोडवलं. बोलताना उजागरेंची नजर होरिगुची-सानांच्या गळ्यावरून हटत नव्हती. हळूहळू सगळेच माना वळवून तिकडे बघू लागले.

प्रार्थना संपल्यावर होरिगुची-सान ताईत हातात घेऊन आले.

"सेन्सेई, हा कुठल्या कचऱ्यात टाकायचा? जाळायच्या, की न जाळायच्या?"

उजागरे मनातून सुखावले. "कुठल्याही कचऱ्यात टाका. त्याने कुणाचं रक्षण होत नाही, एवढं पटलं म्हणजे झालं."

"ते मला ठाऊक आहे," होरिगुची-सान म्हणाले. "बायकोला ढिगाऱ्याखालून काढलं, तेव्हा हा तिच्या मुठीत होता."

 उजागरेंनी तो ताईत घेतला आणि आपल्या हातांनी परत त्यांच्या गळ्यात घातला.

होरिगुची-सान कमरेत वाकले. "परवानगी दिलीत, आभारी आहे."

उजागरेंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.