कम्प्युटरातली सवत

माहा पोरगा देवाजी विजेच्या खांबावर शॉक लागून गेला. त्याच्या जागी सुनेले नोकरी भेटणार होती. तेवढ्यात वीज कंपनीनं साऱ्या हापिसांची रजिस्टरं हेडऑफिसच्या एकाच कम्प्युटरात चढवली. नंदिनी गावच्या हापिसातल्या जुन्या कागदावर देवाजीच्या बायकोचं नाव निघालं रत्नमाला, अन् भिलाईच्या कागदावर सिंधू.

"माताजी, मशीन में दो पत्नियाँ हैं," साहेब म्हणाले. "नौकरी किसको दें?"

"दोन?" मी ठणकावलं. "एक नांदवता नांदवता माहे केस पांढरे झाले, साहेब! रत्नमाला तिचं माहेरचं नाव. लग्नात सिंधू मी ठेवलं. आमच्यात सासरी नाव बदलते."

साहेब भला माणूस. म्हणाले, "मायके में कोई बताने वाला?"

"तिची माय होती. मागल्या वर्सी गेली."

"तो उस नाम की एक चिट्ठी दिखा दो, जो आपके पते पर आई हो. बस, काम हो जाएगा."

सून माह्याकडे पाहत राहिली. मी पदर सावरला.

मंग साहेबांनी आमच्या सेक्टरच्या पोस्टमनलेच बोलावलं. हा पोस्टमन भैय्याजी आपल्याच भंडाऱ्याकडचा, वीस वर्सं आमच्या दारात डाक देणारा. खोटं बोलणं त्याले जमत नाही.

"रत्नमालाबाईच्या नावानं पत्रं लय येत, साहेब. तिची माय धाडे. पण ह्या सासूबाई दरवेळी परत करत."

"क्यों?"

 

"म्हणत, ह्या नावाची बाई ह्या घरात राहत नाही."