लाजरा प्रिंटर

बाबा गेल्यावर त्यांचा माणसाएवढा फोटो त्यांच्याच जुन्या मोठ्या प्रिंटरवर छापायचा मी हट्टच धरला. पण प्रिंटर गुलाबी शाई सढळ हाताने सोडायचा. प्रत्येक चेहरा लाजल्यासारखा दिसायचा. नमुन्याची पहिली पट्टी बघून आई म्हणाली, "हे उभ्या जन्मात माझ्यापुढे लाजले नाहीत, आत्ताच काय झालं?" दादा वैतागला. "भंगारात दे. बाहेरून छापून आणू." "हात लावून तर बघ!" मी म्हणाले. नोझल साफ केले, कागदाप्रमाणे रंगांचं प्रमाण नव्याने बसवलं, गुलाबीपणा कणाकणाने उतरवला. प्रत्येक पट्टी वाळवून दारातल्या उजेडात माझ्या मनगटाशी धरली. रंगाने मी बाबांवरच गेलेय. शेवटी पट्टी कुठली, मनगट कुठलं, कळेना. मग अख्खे बाबा बाहेर आले: सावळे, मिश्कील, थेट आईकडे बघणारे. तिने केस सारखे केले. या वेळी लाजली ती आई.