शिट्टी ऐकली की

फुजैराच्या डोंगरात आम्ही टेंट लावत होतो, तेव्हा शेजारच्या शेताचा पठाण राखणदार मला बाजूला घेऊन म्हणाला, "साहब, रात को बाहर मत निकलना. जंगली गधे सारा खेत खा गए. आज हम लोग मारेगा."

"अंधेरे में? कैसे?"

तो हसला. "भागते गधे को कौन मारेगा? हम सीटी बजाता है. वो रुकता है, मुड़ के देखता है. लाइट में दो आँखें चमकीं, खलास."

बायको उगाच घाबरेल म्हणून मी मृणालिनीला काही बोललो नाही.

रात्री जाग आली, तर आमच्या आठ वर्षांच्या मिहिकाचं अंथरूण रिकामं.

"शू करायला गेलीय," मृणालिनी झोपेतच म्हणाली. "येईल, चष्मा लावून गेलीय."

मी बाहेर धावलो. जीपचा स्पॉटलाइट उतारावरून फिरत होता आणि त्याला भिऊन मिहिका टेंटकडे पळत येत होती.

"पळ मिहिका, थांबू नकोस!" जीपच्या घरघरीत माझा आवाज मलाच ऐकू आला नाही.

मग शिट्टी वाजली.

मीना बाजारच्या गर्दीत मिहिका एकदा हरवली होती. तेव्हापासून मीच तिच्याकडून पाठ करून घेतलं होतं, शिट्टी ऐकली की पळायचं नाही, ओरडायचं नाही. जागीच उभं राहायचं आणि शिट्टीकडे बघायचं.

मिहिका थांबली. वळली. चष्म्याच्या दोन्ही काचा चमकल्या.