बाबागाडी बाहेर

मिसळीचा दुसरा घास उत्कर्षाने तोंडाशी नेला, तेवढ्यात टेबलावरच्या बेबी मॉनिटरमधून एक बाई बोलली.

"आगं माझी बाय. येकटीच व्हय?"

घास हातातच राहिला. मॉनिटरची एक डबी हॉटेलबाहेर, बाबागाडीत झोपलेल्या जुईलीच्या दुपट्याला चिमट्याने अडकवलेली होती. दुसरी ही, रश्श्याच्या वाटीशेजारी. गेल्या दहा महिन्यांत या डबीतून पोरीच्या श्वासाशिवाय आणि रडण्याशिवाय काही ऐकू आलं नव्हतं.

"मनीष, कुणीतरी बोलतंय तिच्याशी."

"असेल एखादी आजी," तिचा नवरा पाव मोडत म्हणाला. "आपल्याकडे बोलतात लोक मुलांशी. तुझ्या डेन्मार्कसारखे तोंड शिवून नाही बसत."

डबीत सळसळ झाली. मग पावलं वाजू लागली, चालत निघालेली पावलं. उत्कर्षा उठली ती खुर्ची पाडूनच.

बाहेर पायरीजवळ, करंजाच्या सावलीत बाबागाडी होती तशीच उभी होती. ब्रेक लावलेला होता. आतल्या गादीवर पोरीच्या अंगाचा खळगा तेवढा होता. जुईली नव्हती, दुपटंही नव्हतं.

डेन्मार्कमध्ये, ऑर्हूसला, कॅफेच्या दारात अशा बाबागाड्या ओळीने लावलेल्या असतात, अगदी बर्फातसुद्धा. पोरं बाहेर झोपतात आणि आया आत निवांत कॉफी पितात. हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा उत्कर्षा कॉफी सोडून, काचेला नाक लावून, दुसऱ्यांच्याच पोरांची राखण करत बसली होती. पुढे जुईली झाली. पहिले पंधरा दिवस ही बाबागाडीशेजारी कुडकुडत उभी राहिली, शेजारणी हसल्या, मग हळूहळू जमलं. न घाबरायला शिकणं तिला तिथल्या भाषेपेक्षा अवघड गेलं होतं. शिकली मात्र इतकी पक्की, की आज मुळशीच्या रस्त्यावर, भर दुपारी, तिने गाडीचा ब्रेक लावला, दुपटं सारखं केलं आणि आत जाऊन मिसळ मागवली. मनात काही आलंसुद्धा नाही.

मनीष रस्त्याकडे धावला. शनिवारच्या गाड्या एकामागून एक धरणाकडे चालल्या होत्या, सगळ्यांच्या काचा वर. "आत्ता कुठली गाडी थांबली होती का इथे?" तो ओरडून विचारत होता.

गल्ल्यावरचा माणूस बाहेर आला. "पोरगी भायेर व्हती? येकटी? ठिवली कुनी?"

उत्कर्षाच्या मुठीत आवळलेली डबी नुसती खरखरत होती. ती रस्त्याकडे चार पावलं गेली, तशी खरखर वाढली. माघारी फिरली, तर खरखरीतून कुणाचा तरी श्वास ऐकू आला. हॉटेलच्या मागच्या बाजूला गेल्यावर बांगड्या वाजल्या, शेळी ओरडली.

ती खाचरात उतरली आणि पळत सुटली. भात कापून झालेला होता, धसकटं बुटाखाली मोडत होती. डबी कानाला लावलेली. बांध ओलांडला आणि आवाज गेला. खरखरसुद्धा गेली. ती जागच्या जागी उभी राहिली. डेन्मार्कला गेल्यापासून देवापुढे हात न जोडलेल्या उत्कर्षाने तेवढ्या वेळात किती नवस बोलून टाकले, ते तिचं तिलाही नंतर आठवलं नसतं. मग ती डावीकडे वळली.

"गप माझी बाय, गप. आता न्हाई टाकनार तुला कुनी."

आवाज दोनदा आला. एकदा समोरून, आणि लगेच मुठीतून.

समोर पत्र्याचं घर होतं. पडवीत एक म्हातारी बसली होती, तिच्या मांडीवर जुईली. हातात भाकरीचा तुकडा धरून पोरगी तो चोखत होती.

उत्कर्षा झेपावली. म्हातारीने पोर छातीशी आवळलं आणि अंग वळवलं.

"थांब. कुनाची ही?"

"माझी! माझी मुलगी आहे ती. द्या, आजी."

"तुजी कशावरनं?"

जुईलीचा पासपोर्ट पर्समध्ये होता, त्यातला फोटो महिन्याभराच्या बाळाचा. उत्कर्षाने फक्त "जुई" म्हटलं, तेही फाटक्या आवाजात. पोरीने भाकरी टाकली आणि दोन्ही हात पुढे केले.

म्हातारीने ते पाहिलं. तरी तिची मिठी लगेच सुटली नाही.

"दोन सालामागं त्या वळनावर अशीच येक ठिवली व्हती कुनीतरी," ती म्हणाली. "दुपट्यात गुंडाळून. पोरगीच. आमास्नी सकाळी दिसली. लई उशिरा दिसली."

आणि तिने जुईलीला दुपट्यासकट पुढे केलं.

उत्कर्षाने पोरीला इतकं घट्ट धरलं की ती रडायला लागली. आता उत्कर्षाही रडत होती आणि रडता रडता सांगत होती. आम्ही बाहेरदेशी राहतो, आजी. तिकडे सगळ्याच आया असं करतात. मोकळ्या हवेत मुलं छान झोपतात. डॉक्टरसुद्धा तसंच सांगतात. एकही शब्द खोटा नव्हता, आणि तरी बोलताना तिची मान खाली जात होती.

म्हातारीने सगळं ऐकून घेतलं. ती रागावली नाही. पोरीच्या गालावरचा भाकरीचा कण तिने बोटाने टिपला.

"आन् भ्या न्हाई वाटलं व्हय गं तुला?"

दुपट्याला अडकवलेली डबी अजून चालूच होती, आणि उत्कर्षाच्या मुठीतली डबी त्याच आवाजात, त्याच मायेने तिला पुन्हा विचारत होती, "भ्या न्हाई वाटलं व्हय गं तुला?"