दोन मिनिटं

२००४ साली मोठीच्या नवऱ्याची परदेशातल्या इस्पितळात एक्स-रे काढायची नोकरी फक्त इंग्रजीच्या परीक्षेपायी अडली होती. 'आयुष्यातला सर्वांत दुःखाचा दिवस' या विषयावर तो तोंडी परीक्षेच्या सरावासाठी रोज संध्याकाळी दोन मिनिटं बोलायचा. मोठी शिवणयंत्र थांबवून गजराचं घड्याळ हातात धरून समोर बसायची. तिला इंग्रजीचा गंध नव्हता.

एकदा धाकटी बहीण राहायला आली. तिने ते भाषण ऐकलं आणि तिच्या हातातला चहा तसाच राहिला.

"ताई, भाऊजी काय म्हणताहेत कळतंय का तुला? गच्चीवरून कपडे आणताना तू जिन्यावरून पडलीस आणि गेलीस म्हणे!"

मोठीला हसू आवरेना. "अगंबाई! आणि मी आपली माझ्याच मरणाला घड्याळ लावून बसलेय!"

"क्लासचे सर म्हणतात, खरंखोटं कोणी तपासत नाही," भाऊजी शांतपणे म्हणाले. "फक्त अडखळायचं नाही."

तो पहिल्या फटक्यात पास झाला. निघायच्या आठवडाभर आधी मोठी गच्चीच्या जिन्यावरून पडली आणि जागीच गेली. तो परदेशी गेला, तिथेच दुसरं लग्न करून स्थिरावला. शिवणयंत्र धाकटीकडे आलं. तिचे केस पिकले, पण गजराचं घड्याळ तिने पुन्हा घरात आणलं नाही.

मोठी गेली त्या दिवशी पोलिसांनी विचारलं, तेव्हा त्याने सगळी हकीकत सांगितली होती. धाकटीची नजर घड्याळावर होती. बरोबर दोन मिनिटं, कुठेही न अडखळता.