शेषरावांचे डोळे

सतराव्या फोटोतही शेषरावांचे डोळे मिटलेलेच आले.

"हाही तसाच," गोजरबाई म्हणाल्या आणि छोटा कॅमेरा त्यांनी नवऱ्यापुढे धरला. चेहरा पांढराफटक, मागे भिंतीवर काळी सावली, डोळे बंद. फ्लॅश उडाला की शेषरावांच्या पापण्या आपोआप पडत.

एरवी त्यांनी मनावर घेतलं नसतं. पण कालच ते गावच्या दूध संस्थेचे अध्यक्ष झाले होते आणि बातमी पेपरात यायची होती. चार वर्षांमागे तंटामुक्ती समितीवर निवड झाली, तेव्हाही त्यांचा असाच डोळे मिटलेला फोटो छापून आला होता. बातमी कोणी वाचलीच नाही. दुपारी धाड गावाहून जीपभर पाहुणे आले आणि बायका दारातच रडू लागल्या. शेषराव स्वतः पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आले, तेव्हा त्यांची एक चुलतसाळी घेरी येऊन पडली.

आता पेपरचा वार्ताहर आसिम बारा वाजता फोटो न्यायला येणार होता. साडेअकरा झाले होते. नवरा-बायकोचे मोबाइल साधे, बटणांचे. हा स्वस्तातला कॅमेरा मुलीचा, सुचिताचा. तिनं नवीन घेतला तेव्हा हा इथं ठेवून गेली होती. त्याच्या पिशवीत तिनं लिहिलेली एक चिठ्ठी निघाली.

गोजरबाई शाळेत गेलेल्या नव्हत्या. शेषरावांनी चष्मा लावला आणि मोठ्यानं वाचू लागले. गोजरबाई त्यांच्या खांद्यामागं उभ्या राहून बटणं शोधत होत्या.

"एक. फ्लॅश बंद करा. दोन. झूम करू नका, त्यापेक्षा जवळ जा. तीन. माणसाला दाराजवळ बसवा, उजेड बाजूनं येऊ द्या. चार. कॅमेरा कशावर तरी टेकवा. हा जरा हळू चालतो, म्हणून बटण आधी अर्धं दाबून धरा आणि हिरवी चौकट दिसली की मग पूर्ण दाबा." एवढं वाचून त्यांनी चिठ्ठी घडी करून खिशात घातली. "झालं. चारच हायेत."

खुर्ची दाराशी आली. भिंतीवरचं कॅलेंडर उतरलं. स्टुलावर पातेलं उपडं घातलं आणि त्यावर कॅमेरा ठेवला. फोटो एकदम निराळाच निघाला. टोपीची इस्त्री दिसली, गालावरचा तीळ दिसला. डोळे मात्र बंदच. फ्लॅश नव्हता, तरी शेषराव आता बटणाच्या आवाजाची वाट पाहत होते. पुढच्या वेळी त्यांनी नेटानं डोळे ताणून धरले, तर दोन्हीतून पाणी वाहिलं. अध्यक्ष झाल्याचं त्यांना फार दुःख झालंय, असं त्या फोटोत वाटत होतं.

बाहेर मोटरसायकल थांबली. आसिम आत येऊन खाटेवर बसला. "काका, झाला का फोटो? मले लवकर जा लागते."

"एक मिनिट थांब, बाप्पा," गोजरबाई म्हणाल्या. त्यांनी बटण अर्धं दाबलं. हिरवी चौकट शेषरावांच्या चेहऱ्यावर बसली. बोट तसंच ठेवून त्या शांतपणे म्हणाल्या, "आता ते पाचवं करा."

"पाचवं कुठं हाय?"

"हाय ना. बाबांना पोट आत घ्यायला सांग."

शेषरावांचे डोळे वाटोळे झाले. गोजरबाईंनी बटण पूर्ण दाबलं.

"एक नंबर, काका," आसिम म्हणाला आणि कॅमेऱ्यातलं कार्ड घेऊन गेला. शेषराव मात्र खुर्चीतच बसून राहिले.

"तुले वाचता येते?"

"सुचिता पयलीत होती, तवा तिच्यासंगच शिकली. लिहाले बी."

शेषरावांनी मनातल्या मनात हिशेब केला. अठ्ठावीस वर्षं झाली होती. त्यांचा चेहरा उतरला. त्या काळात जानेफळहून गोजरबाईंच्या भावाची, कचरूची, पत्रं येत आणि ती शेषरावच वाचून दाखवत.

"म्हंजे कचरूच्या चिठ्ठ्या..."

"समद्या वाचल्या म्या. तो लिहे, दाजी मक्खीचूस हाय, बहिणीले माहेरी धाडत नाही. अन् तुम्ही वाचून दाखवत, दाजीले रामराम, तब्येतीले जपा."

शेषरावांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग हळूच म्हणाले, "खोटं वाचलं, खरं हाय. पण दर चिठ्ठीले मले लाज वाटे. दुसऱ्याच दिवशी तुले जानेफळच्या गाडीत बसवून देलं का नाही?"

"देलं ना," कॅमेरा पिशवीत ठेवत गोजरबाई म्हणाल्या. "म्हणून त तसं लिहाले कचरूले मीच सांगून धाडत होती."