चाराचे आठ

“तांडेलमामा, साहेब विचारतोय, कागदावर आठ माणसं, बोटीवर चारच. बाकीची कुठे बुडवलीत?”

साहेबाची भाषा आमच्या स्वयंपाक्यालाच तेवढी कळत होती. परक्या बेटावरच्या कस्टम साहेबाने कमरेच्या बेड्या हातात घेतल्या. मागच्या बंदरात तो कागद बोटीचा प्रमुख म्हणून मीच भरला होता.

मी वाकून पाहिलं. म्हातारपणी शिकलेला माझा मराठी ४, वरची टोकं जुळल्यामुळे, इंग्रजी आठ झाला होता. स्वयंपाक्याने समजावलं, पण साहेबाला पटेना.

“तुमची अक्षरं आपल्याला फासावर चढवणार, मामा!” स्वयंपाकी पुटपुटला.

मी साहेबाचंच पेन घेतलं. अक्षरओळख होण्याआधी मोजायचो तशा, आकड्याशेजारी चार उभ्या रेघा ओढल्या.

साहेबाने रेघा मोजल्या. मग बोट दाखवत आम्हाला मोजलं. बेड्या परत स्वतःच्या कमरेला अडकवल्या. नव्या परवान्यावर शिक्का मारून, माणसांच्या संख्येपुढे त्याने स्वतःच चार रेघा ओढल्या.